उरलेली दोरी

जालना,
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

आत्या,

पत्राच्या वर काय काय लिहायचं असतं ते मी चौथीत असताना तूच शिकवलं होतंस. तीर्थरूप, साष्टांग, सगळं आठवतं. पण आज ते लिहायला हात धजत न्हाई. नुसतं आत्या लिहितो. पाया पडतो, पण लांबूनच.

मी इथं बरा आहे. एमआयडीसीत एका लोखंडाच्या कारखान्यात काट्यावर बसतो. भंगाराचा ट्रक आला की वजन घ्यायचं, पावती टाइप करायची, रिकामा निघाला की पुन्हा वजन घ्यायचं. भट्टीचा आवाज आता सवयीचा झालाय. उलट सुट्टीच्या दिवशी आवाज नसला की कान दुखतात. खानावळीतली बाई भाकरी चांगली थापते, पण वरण असं की त्यात हात धुवावेत. थंडी सुरू झाली. तू दिलेली गोधडी आहे, काळजी करू नको.

तुझा गुडघा कसा आहे? तेल लावत जा. नुसतं उशाला ठेवून गुडघा बरा होत न्हाई. कल्याणभाऊ दुकानावर बराबर जातो ना? अंगणातल्या जंबेरीच्या रोपांच्या पिशव्यांना पाणी कोण घालतं? आता त्यांच्यावर मोसंबीचे डोळे भरून कलमं बांधायचा हंगाम आला. मागं बघितल्या तेव्हा काड्या पेन्सिलीएवढ्या जाड झाल्या होत्या. घरातल्या सगळ्यांना माझा नमस्कार सांग.

फोन का न्हाई केला, असं तू म्हणशील. तुमच्या घरचा फोन नेहमी दुसरंच कोणी उचलतं. आणि तू जरी उचलला तरी, आत्या, तुझा आवाज ऐकला की माझ्या तोंडून पहिलं वाक्य खोटंच निघतं. कागदावर खोटं लिहिलं तर ते समोर पडून राहतं, बघावं लागतं. म्हणून कागद.

येत्या गुरुवारी, वीस तारखेला, मंडळ अधिकाऱ्यांच्या ऑफिसात तुझ्या जमिनीच्या फेरफाराची सुनावणी आहे. तुला वाटंल, हे याला जालन्यात बसून कसं माहीत. मला माहीत आहे, कारण तारखेचा मेसेज माझ्याच फोनवर येतो.

एवढं लिहून मी उठलो. नळावर जाऊन तोंड धुऊन आलो. आता पुढचं लिहितो. आधीपासून सांगतो, न्हाईतर पुन्हा अर्ध्यात सोडीन. मला अर्ध्यात सोडायची सवय आहे.

वहिनी.

हा शब्द बघ कसा उमटलाय. प्रियदर्शनी माझ्या वर्गात होती, हे तुला माहीतच आहे. पहिलं वर्ष मी केदारखेड्याहून बसनं भोकरदनला यायचो. ती दोन गावं आधी बसायची आणि शेजारच्या सीटवर पिशवी ठेवून जागा धरायची. मी चढलो की पिशवी मांडीवर घ्यायची. एवढंच, आत्या. यापेक्षा जास्त कधीच काही झालं न्हाई. पण मी त्या पिशवीवर अख्खं वर्ष काढलं. मला वाटायचं ती जागा माझ्यासाठी धरते. पुढं एकदा तीच सहज बोलून गेली, "तू बसलास की बरं असतं रे, शेजारी कोणी आगाऊ माणूस बसत न्हाई." ते ऐकूनसुद्धा मला कळलं न्हाई. मला वाटलं लाजून बोलली.

मंग दुसऱ्या वर्षी मी तुझ्याकडं राहायला आलो. तू एक दिवस शेंगा फोडत बसली होतीस आणि विचारलंस, "हऱ्या, तुझ्या वर्गातली ती प्रियदर्शनी म्हणून पोरगी कशी हाय रे?" मला वाटलं, आत्यानं ओळखलं. आता आत्या आपल्या भावाशी, आप्पांशी बोलणार. मी म्हणालो, "लाखात एक, आत्या. डोळे झाकून." तू हसलीस. मी गच्चीवर जाऊन तुझी सगळी वाळत घातलेली कापडं घड्या करून आणली. आठवतं? तू म्हणालीस, "आज काय सूर्य पच्छिमेला उगवला काय?"

वीस वर्षांच्या, दोन विषय राहिलेल्या पोरासाठी कोण पोरगी बघतं? सव्वीस वर्षांचा, दुकानात कायम झालेला आपला मुलगा घरात असताना? पण हे मला तेव्हा सुचलं न्हाई. आठ दिवसांनी तू कल्याणभाऊला नवा सदरा घ्यायला पाठवलंस, तेव्हा सुचलं.

तुला मी सांगायला पाहिजे होतं. त्याच मिनिटाला. तू ऐकलं असतंस, हसली असतीस, एखादी चापट मारली असतीस आणि विषय संपला असता. मी गप बसलो. लग्नात पंगतीत जिलेबी वाढली. नवरीच्या पानात दोन जास्त वाढल्या आणि ती म्हणाली, "भाऊजी, पुरे."

कॉलेज मी आप्पांना शेतात माणूस लागतो म्हणून सोडलं, असं तुला सांगितलं होतं. ते खोटं. वर्गातला एक जण म्हणाला, "हरिओम, तुझी प्रॅक्टिकलची पार्टनर तुझी वहिनी झाली, आता तुझी जर्नल कोण पुरी करणार?" मी स्टूल उचललं. त्याच्या खांद्याला लागलं, थोडक्यात वाचला. सरांनी सांगितलं, वडिलांना घेऊन ये, मंगच वर्गात बस. मी वडिलांना नेलं न्हाई आणि वर्गातही बसलो न्हाई. माझं डोकं असंच आहे. पेटायला वेळ लागत न्हाई आणि विझल्यावर काय जळलं ते बघायला मी थांबत न्हाई.

पुढचं तू जाणतेस. तहसीलसमोर राधेश्याम काकांच्या टपरीत मला काम लागलं. भाडेकरार, प्रतिज्ञापत्रं, खरेदीखतं टाइप करायची. आणि जून महिन्यात तू आलीस. तालुक्यात एवढे दस्त लिहिणारे आहेत, पण तू माझ्याचकडं आलीस. म्हणालीस, "घरचं पोरगं हाय, नीट करील."

तो दिवस मी जसाच्या तसा लिहितो. तू तिथं होतीसच, पण मला लिहू दे.

आज्यानं तुला चोळीबांगडीला दिलेला केदारखेड्याचा वीस गुंठ्यांचा तुकडा. बाकीच्या सगळ्या जमिनीवर तू आप्पांना हक्कसोडपत्र करून दिलंस, एवढाच तुकडा तुझ्या नावावर राह्यला. तो तुला बक्षीसपत्रानं कल्याणभाऊ आणि वहिनी दोघांच्या नावानं करायचा होता. तिथं ते मोसंबीची रोपवाटिका काढणार, सातबारा नावावर आला की परवाना मिळणार, असं तू काकांना सांगत होतीस.

राधेश्याम काका म्हणाले, "आत्याबाई, एकट्या पोराच्या नावानं केलं तर मुद्रांक थोडक्यात भागतो. सून घातली की तिच्या हिश्शाला जादा लागतो. घर तर एकच हाय."

तू म्हणालीस, "लागू द्या. आन तिचं नाव आधी घाला."

कल्याणभाऊ म्हणाला, "आई, पोटचा मी हाय का ती?"

"तू पोटचा हाईस, म्हणून तुला कोणी हाकलणार न्हाई."

सगळे हसले. तू हसली न्हाईस. वहिनी हळूच म्हणाल्या, "आत्याबाई, माझं नाव कशाला? यांचं हाय तेच बास." तेव्हा तू त्यांच्याकडं वळून म्हणालीस, "मालक गेले आन मी धावड्याच्या सासरहून दोन लुगडी आन हे पोरगं घेऊन निघाले. तवा माझं नाव कुठंच नव्हतं. ना दारावर, ना कागदावर. बापानं हा तुकडा नावावर करून दिला तवा मी पहिल्यांदा माझं पुरं नाव छापलेलं बघितलं. गप बस."

मी टाइप करत होतो. लिहून घेणार, एक, सौ. प्रियदर्शनी. दोन, कल्याण. उभयता पती-पत्नी. ते नाव त्या दस्तात सतरा वेळा येतं, आत्या. मी मोजलं. वर्षभर मी ज्या नावाचा मनातसुद्धा उच्चार टाळत होतो, ते सतरा वेळा. आणि सतराही वेळा पुढं तिच्या नवऱ्याचं नाव.

दस्त नोंदणीच्या ऑफिसात ओळख पटवायला दोन माणसं लागतात. एक काका, एक मी. मी कॅमेऱ्यात बघितलं, अंगठा दिला. तिथं छापलेलं असतं की आम्ही यांना व्यक्तिशः ओळखतो. मी ते वाचूनच अंगठा दिला.

मंग रसवंतीवर बसलो. कल्याणभाऊनं माझ्या पाठीवर थाप मारली. "लग्न यानंच जमवलं, दस्त यानंच केला. आता बारशाला नाव बी याच्याच तोंडून काढू!" तू म्हणालीस, "व्हय मंग! याच्याच शब्दावर आणली हिला. लाखात एक म्हणला, डोळे झाकून." वहिनी हसल्या, मान तिरकी करून, जशा बसमध्ये हसायच्या. त्यांना काय माहीत? कोणालाच काय माहीत? सगळ्यात मोठ्यानं मी हसलो.

त्यात कोणाचाही काडीचा दोष नव्हता. हे आज लिहितो. त्या दिवशी मला वाटलं, सगळ्यांनी मिळून माझी थट्टा केली.

तिसऱ्या दिवशी दुपारी काका जेवायला घरी गेल्ते. काकांच्या कंप्यूटरमध्ये हरकत अर्जाचा नमुना तयारच असतो, नावं बदलायची फक्त. मी नावं बदलली. अर्जदार काकासाहेब, म्हणजे आप्पा. सदर जमीन वडिलोपार्जित असून तीत अर्जदाराचा हिस्सा आहे, बहिणीस बक्षीस देण्याचा अधिकार नाही, फेर मंजूर करू नये.

हो, आत्या. आप्पांनी न्हाई. मी.

खाली मोबाइल नंबर माझा टाकला. सही आप्पांची केली. तुझ्या जुन्या हक्कसोडपत्राची झेरॉक्स फायलीत होती, तिच्यावर आप्पांची सही आहे. ती समोर ठेवून रद्दी कागदांच्या पाठीवर दहा-बारा वेळा गिरवली. आप्पांच्या सहीला शिरोरेघ नावापेक्षा लई लांब असते, दोन्हीकडं नुसतीच पुढं गेलेली. मला वाटलं, आडाणी माणसाचा हात, थांबवता येत न्हाई. मी टाइपिंगवाला माणूस. मी ती रेघ नीटनेटकी केली. जिथं नाव सुरू तिथं सुरू, जिथं नाव संपलं तिथं बंद.

मला काय वाटलं होतं, तेही सांगतो, म्हणजे माझी अक्कल तुला पुरती दिसंल. मला वाटलं, चार-आठ दिवस फेर अडकल. कल्याणभाऊ चकरा मारील. शेवटी माझ्याकडं येऊन म्हणंल, हरिओम, बघ रे काय भानगड आहे. आणि मी ती सोडवून देईन. तिच्यासमोर. एवढ्यासाठी.

पण हरकत आली की नोंद तक्रारीत जाते, तक्रारीची सुनावणी लागते, आणि ज्याची हरकत त्यानंच ती मागं घ्यावी लागते. हे मला कळलं तेव्हा उशीर झाल्ता. कोतवाल घरी नोटीस घेऊन आला, तेव्हा आप्पा शेतात होते. मीच घेतली. "घेणाऱ्याचे नाते: मुलगा" असं लिहून सही केली. त्या सगळ्या प्रकरणात तेवढीच एक सही माझी, माझ्या नावाची.

राखीला तू आली न्हाईस. आप्पा सकाळी अंघोळ करून, टोपी घालून बसले होते. दुपारी टोपी काढली. संध्याकाळी कल्याणभाऊचा फोन आला. "मामा, तुम्ही तोंडावर बोलायचं होतं. हरकत कशाला घेतली?" आप्पा म्हणाले, "कसली हरकत?" त्याला वाटलं, मामा वेड पांघरून पेडगावला चाललेत. त्यानं फोन ठेवला. आप्पा तसेच फोन हातात धरून उभे. आईला म्हणाले, "अक्काला वाटतं मी तिच्या चोळीबांगडीवर हात टाकीन? वाटतं तर वाटू दे. तिनं सोता येऊन का न्हाई विचारलं?" मी तिथंच होतो. चहा पीत होतो. तो कप मी खाली ठेवला न्हाई, संपेपर्यंत प्यालो.

सप्टेंबरातल्या पहिल्या सुनावणीला मी आल्तो. तुला ऑफिसच्या बाहेर दिसलो ते नंतर. आधी मी दाराच्या आड होतो, सगळं ऐकलं. आप्पांना तारीख माहीतच नव्हती, ते येणार कसे. साहेबांनी अर्ज तुझ्या हातात दिला. म्हणाले, "बाई, ही सही तुमच्या भावाचीच ना? तुम्ही ओळखता?"

तू लई वेळ कागद धरून बसलीस. मंग म्हणालीस, "साहेब, चष्मा घरी राह्यला. दिसत न्हाई बराबर."

चष्मा तुझ्या कमरेच्या पिशवीत होता, आत्या. दोरी बाहेर लोंबत होती.

तू बाहेर आलीस. मी पळायच्या आत मला गाठलंस. "जेवलास का?" म्हणालीस. फडक्यात बांधलेल्या दशम्या काढून माझ्या हातावर ठेवल्यास, आणि हात सोडला न्हाईस. बोटं उलटीपालटी करून बघितलीस. "तुझ्या हाताला शाई लई लागती रे आजकाल," म्हणालीस आणि बसकडं निघून गेलीस. मी दशम्या खाल्ल्या. मला काही कळलं न्हाई. खरंच न्हाई कळलं. मला वाटलं, वाचलो.

त्यानंतर पावसानं सगळीकडं वाट लावली, ऑफिसं पंचनाम्यात गुंतली, तारीख पुढं गेली. मी राधेश्याम काकांचं काम सोडून जालन्याला पळून आलो. भाऊबीजेला तू ताट घेऊन केदारखेड्याला आलीस, ते आईनं सांगितलं. आप्पा मागच्या दारानं शेतात निघून गेले आणि तू जाईपर्यंत आले न्हाईत. तू कोणाला काही बोलली न्हाईस. उंबऱ्याला कुंकू लावलंस आणि गेलीस.

मागच्या रविवारी मी घरी गेल्तो. आप्पांना कापसाच्या नोंदणीच्या कागदावर सही करायची होती. धान्याच्या पत्र्याच्या डब्यावर कागद ठेवला, पेन घेतलं, आणि आधी रेघ ओढली. आधी, आत्या! कागदाच्या या कडेपासून पार त्या कडेपर्यंत. मंग मधे कुठंतरी एकेक अक्षर रेघेला खालून लटकवत गेले. मी एकवीस वर्षांचा झालो. बापाला सही करताना कधी बघितलं नव्हतं.

मी म्हणालो, "आप्पा, उलटं कशाला? आधी नाव, मंग रेघ."

आप्पा म्हणाले, "तुझ्या आत्यानं शिकवलं. मी शाळेत गेलो न्हाई. ती जायची, आन संध्याकाळी चुलीपुढं मला कोळशानं शिकवायची. म्हणायची, आधी दोरी बांध, मंग कापडं वाळू घाल. मी म्हणायचो, अक्का, दोरी लई उरती. तर म्हणायची, उरू दे. पावणारावळा आला तर त्याचं बी धोतर वाळलं पायजे."

मंग पेनाचं टोपण लावत बसले. ते टोपण काही बसेना.

तेव्हा मला कळलं. तुझ्या हातात तो अर्ज आला त्याच क्षणाला तू ओळखलंस. दोरी नावापुरतीच होती. तुझ्या भावाची दोरी कधीच नावापुरती नसते. मंग ती कोणाची, ते ओळखायला तुला चष्मा लागला न्हाई. आणि तू दिसत न्हाई म्हणालीस. बोलली असतीस तर आप्पा सुटले असते आणि मी खोट्या सहीच्या गुन्ह्यात गेलो असतो. तू दोन महिने भाऊ गमावून बसलीस, पिशव्यांतली रोपं अडकून राह्यली, उंबऱ्यावरून परत गेलीस, आणि मला दशम्या दिल्यास.

मला हे सहन होत न्हाई. तू मला मारलं असतंस तर बरं झालं असतं.

वहिनींना हे सांगायचं की न्हाई ते तू ठरव. पत्र तूच वाच, त्यांच्याकडून वाचून घेऊ नको, एवढीच विनंती. ती करायचाही मला हक्क न्हाई.

उद्या टपालात टाकतो.


केदारखेडा,
रविवार, १६ नोव्हेंबर

आत्या,

वरचं पत्र टाकायला काल निघालो. टपालपेटीपाशी उभा राह्यलो, अर्धं पाकीट आत घातलं आणि परत काढलं. पेटीत टाकणं सोपं आहे. पुढचं सगळं तुझ्यावर आलं असतं. आप्पांना तू सांगायचं, कसं सांगायचं ते तू ठरवायचं, रागावले तर तू समजवायचं. पुन्हा तूच.

आज सकाळच्या बसनं घरी आलो. आप्पा लिंबाखाली खाटेवर होते. म्हणालो, "आत्याला पत्र लिहिलंय, ऐका."

"मला कशाला? तिला लिहिलंय ना."

"तुमचंच आहे त्यात."

वाचायला लागलो. बसमधल्या पिशवीपाशी आलो आणि दोन ओळी सोडल्या. आप्पा म्हणाले, "गाळू नको. मला वाचता येत न्हाई, पण गाळलेलं कळतं." मी परत मागं गेलो. सगळं वाचलं. बापासमोर ते वाचायचं म्हणजे काय, ते मी लिहीत न्हाई.

अर्जाचं वाचलं तेव्हा ते उठून उभे राह्यले. मला वाटलं, आता पडणार. मी डोळे मिटून घेतले. काहीच झालं न्हाई. डोळे उघडले तर ते परत बसले होते.

"चष्मा न्हाई म्हणून सांगितलं तिनं?"

"व्हय."

"आन चष्मा होता."

"व्हय."

आप्पा म्हणाले, "आन मी तिला उंबऱ्यावरून परत धाडली." माझ्याबद्दल एक शब्द न्हाई. शिवी दिली असती तरी मी उचलून ठेवली असती. आईनं पाणी आणलं, ते प्याले न्हाईत. बोटानं खाटेच्या सुंभावर काहीतरी गिरवत होते.

मंग म्हणाले, "गुरुवारी मी येणार. तू बी येणार. साहेबापुढं तू तोंडानं सांगायचं, ही सही माझ्या हातची म्हणून. काय व्हायचं ते होऊ दे. तवा मी तिथं असंन." मी हो म्हणालो. राधेश्याम काकांना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "वीस वर्षं इथं बसतोय बाबा, पण टपरीला कुलूप लावून जेवायला जावं, हे तू शिकवलंस." त्यांचा यात काही संबंध न्हाई, हेही मी साहेबांना सांगणार.

आत्या, तू गुरुवारी चष्मा घेऊन ये. साहेबांनी पुन्हा विचारलं तर या वेळी दिसतं म्हण.

शेवटी आप्पांनी पेन मागितलं. म्हणाले, "या पत्रावर मला सही करायची." कशासाठी, विचारलं तर म्हणाले, "तिनं खोटी बघितली. खरी बघू दे." खाली बघ. कागद संपला म्हणून रेघ थांबली, न्हाईतर खाटेवर गेली असती. मी म्हणालो, "आप्पा, दोरी लई उरली. तिच्याखाली माझं नाव घालू?"

"न्हाई," म्हणाले. "ती तुझ्या आत्याची हाय. तू तुझी बांध."

म्हणून त्यांच्या सहीच्या खाली ही माझी वेगळी. आधी रेघ ओढलीय, मंग नाव घातलंय. रेघ सरळ आली न्हाई. नावाच्या डावीकडं दोरी मोकळी सोडलीय. तिथं "तुझा" लिहितात. ते मी लिहिलं न्हाई. तू म्हणशील तेव्हा लिहीन.

हरिओम